कॉमन प्लॉटवरून स्वतःच्या हॉलमध्ये: बडोद्यात मार्शल आर्टची पूर्णवेळ शाळा उभी करताना

मांजलपूरच्या एका सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर मी अकरा वर्षं कराटे शिकवलं. दिवसा मकरपुरा जीआयडीसीत नोकरी आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते आठ वर्ग. पावसात वर्ग पार्किंगमध्ये हलायचा. प्लॉटवर लग्नाचा मंडप पडला की सुट्टी. आता चार वर्षं झाली, नोकरी सोडली आहे, भाड्याचा हॉल आहे, सहा बॅच आणि दोन मदतनीस शिक्षक आहेत. अधूनमधून कोणीतरी तरुण शिक्षक येतो, कराटेचा, तायक्वांदोचा, एकदा मल्लखांब शिकवणारी ताईही आली होती, आणि विचारतो, "सर, नोकरी सोडू का?" मी प्रत्येकाला आधी एकच सांगतो: तुझं हजेरीचं रजिस्टर घेऊन ये. बहुतेकांकडे ते नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी रजिस्टर, मग बाकी सगळं

साधी दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक मुलाची एक ओळ: प्रवेशाची तारीख, इयत्ता, कोणत्या भागातून येतो, सोडायला कोण येतं, फी कधी आली आणि तारखेनुसार हजेरी. मूल बंद झालं तर शेवटची तारीख आणि कारण. कारण घरी फोन करून विचारायचं, मनाने लिहायचं नाही. मी बरीच वर्षं "अभ्यासामुळे" असं लिहून मोकळा व्हायचो. फोन करायला लागलो तेव्हा कळलं की निम्म्या घरांत कारण वेगळंच होतं. कुणाला मोठ्या मुलांबरोबर कुमिते, म्हणजे समोरासमोर लढतीचा सराव, करताना भीती वाटली होती, कुणाच्या आईला साडेसहाला स्वयंपाक सोडून यायला जमत नव्हतं, आणि एका मुलाला तर मी तीन महिन्यांत एकदाही नावाने हाक मारली नव्हती. हे त्याच्या वडिलांनी मला शांतपणे सांगितलं. तो फोन मी विसरलेलो नाही.

सहा महिने असं लिहिलं की गळती काढता येते. महिन्याच्या सुरुवातीला ६० मुलं होती आणि त्यांतली ६ त्या महिन्यात बंद झाली, तर गळती १० टक्के. महिना १० टक्के गळती म्हणजे मूल सरासरी १० महिने टिकतं. गळती ५ टक्क्यांवर आली की तेच मूल २० महिने टिकतं. फी तीच, हॉल तोच, पण एका प्रवेशातून येणारे पैसे दुप्पट. आता ९० मुलांची शाळा डोळ्यासमोर आणा. १० टक्के गळतीला दर महिन्याला ९ नवी मुलं लागतात, वर्षाला शंभराच्या वर. शिकवणं आणि हिशेब सांभाळून एकट्या माणसाला वर्षात शंभर नवी मुलं आणणं झेपत नाही. मी एक वर्ष तसं केलं आणि त्या वर्षी माझं शिकवणंच बिघडलं. सगळं लक्ष पत्रकं वाटण्यात आणि डेमो देण्यात जात होतं, आणि आधीपासून येणारी मुलं मागच्या रांगेत उभी राहून कंटाळत होती.

माझ्या वहीत मुलं बंद होण्याच्या दोन जागा स्पष्ट दिसल्या. पहिली तिसऱ्या आठवड्यात: नव्या ड्रेसचं अप्रूप संपतं, पाय दुखतात, तेच तेच पंच मारायचा कंटाळा येतो. दुसरी पहिल्या पट्ट्यानंतरच्या महिन्यात: पिवळा पट्टा मिळाला, फोटो काढले, आजी-आजोबांना दाखवून झालं, आता पुढे काय?

तिसऱ्या आठवड्यासाठी मी तीन गोष्टी करतो. नव्या मुलाला जुन्या बॅचमध्ये सरळ उभं करत नाही. पहिल्या सहा तासिका त्याच्याबरोबर एक ठरलेला मदतनीस असतो. अठराव्या-विसाव्या दिवशी घरी फोन करतो, फीसाठी नाही, मूल घरी वर्गाबद्दल काय बोलतं हे विचारायला. आणि पहिल्याच महिन्यात त्याला घरी करून दाखवता येईल असं काहीतरी पूर्ण शिकवतो: पकडलेलं मनगट सोडवणं किंवा नीट पडायला शिकणं, म्हणजे उकेमी. पट्ट्यानंतरच्या महिन्यात नवीन काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, लगेच सुरू करायचा, दुसऱ्याच तासिकेला. त्याच महिन्यात मी मुलांना सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये नेतो. तिथे १९०२ साली गामा पैलवानाने उचललेला दगड ठेवलेला आहे, १२०० किलोचा म्हणून नोंदलेला. मुलं त्याला हात लावून बघतात आणि पुढचे दोन आठवडे दंड-बैठका न सांगता करतात.

नोकरी कधी सोडायची

माझं मत कडक आहे. तीन गोष्टी एकत्र जुळल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. एक, सलग सहा महिने गळती ६ टक्क्यांच्या खाली. दोन, भाड्याच्या जागेतच, कॉमन प्लॉटवर नव्हे, निदान ४५ मुलं फी भरून येत असावीत, कारण फुकटच्या जागेतली मुलं फी वाढल्यावर आणि अंतर वाढल्यावर सगळी बरोबर येत नाहीत. माझी ५२ होती, हॉलवर ३७ आली. तीन, घरखर्चाचे सहा महिने आणि हॉलभाड्याचे तीन महिने बँकेत वेगळे ठेवलेले असावेत. अनामत रक्कम यात धरायची नाही, ती घरमालकाकडे अडकलेली असते.

मधला रस्ता असेल तर तोच आधी घ्या. मी शेवटचं दीड वर्ष फक्त पहिली पाळी मागून घेतली, दुपारी साडेतीनला मोकळा. पगार थोडा कमी झाला, पण आठवड्याच्या सहाही संध्याकाळी मिळाल्या आणि हॉल नोकरी असतानाच भरला. घरी बायकोशी बसून हा हिशेब कागदावर मांडा. पहिल्या वर्षी पैसे कमी येणारच, आणि ते घरच्यांना आधीपासून माहीत असलं की भांडण होत नाही.

जागा

इथे घाई केली तर पुढची पाच वर्षं भोगावं लागतं, म्हणून सविस्तर सांगतो.

किती मोठी? कुमिते सोडून, ओळीने किहोन (पंच-लाथांचा मूलभूत सराव) आणि काता करायला एका मुलाला साधारण तीन चौरस मीटर लागतात. म्हणजे २० मुलांच्या बॅचला ६० चौरस मीटर मॅट, सुमारे साडेसहाशे चौरस फूट. शिवाय चपला, पालकांची बाकं, कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह. हजार चौरस फुटांचा हॉल त्यामुळे २० मुलांचाच असतो. मालक "पन्नास मुलं आरामात" म्हणाला तरी टेप घेऊन स्वतः मोजा. कराटे स्पर्धेचं मैदान ८ मीटर बाय ८ मीटर आणि चारी बाजूंना एक मीटर सुरक्षित जागा, म्हणजे एकूण १० बाय १०. तेवढा हॉल सुरुवातीला घेऊ नका. स्पर्धेच्या सरावासाठी महिन्यातून दोन रविवार एखाद्या शाळेचा हॉल तासाने घेणं खूप स्वस्त पडतं. छत निदान दहा-अकरा फूट हवं, नाहीतर लाठी आणि बो (लांब जपानी काठी) शिकवताना पंखे उतरवावे लागतात. मधे खांब असतील तर जमिनीपासून सहा फुटांपर्यंत फोम गुंडाळा.

बडोद्यात जागा बघताना पहिला प्रश्न पाण्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराचे कितीतरी भाग दिवसचे दिवस पाण्यात होते. तळमजला किंवा बेसमेंट बघत असाल तर मालकाला विचारून भागत नाही. शेजारचा किराणावाला, वॉचमन, समोरच्या घरातले काका यांना विचारा की त्या आठवड्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते भिंतीवर हात लावून दाखवतात. मॅट एकदा पुराच्या पाण्यात भिजली की वाळवून वापरायची नाही, टाकूनच द्यायची.

म्हणून वरचा मजला? तिथे प्रश्न आगीचा. सुरतेत २४ मे २०१९ रोजी तक्षशिला इमारतीत वरच्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासमध्ये आग पोचली, बाहेर पडायची वाट राहिली नाही, मुलांनी वरून उड्या मारल्या. २२ विद्यार्थ्यांचा जीव गेला. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला. त्यानंतर ठरवलं की एकच जिना असलेल्या, गच्चीवर पत्रे किंवा फायबर टाकून केलेल्या हॉलमध्ये कितीही स्वस्त मिळाला तरी मुलं न्यायची नाहीत. पहिला मजला, दोन वाटा, खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या नकोत, इमारतीची फायर एनओसी चालू असल्याचा कागद हातात. अग्निशामक सिलिंडर कसा वापरायचा हे मदतनीसांना प्रत्यक्ष करून शिकवा आणि सहा महिन्यांतून एकदा मुलांना रांगेने बाहेर पडायचा सराव द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

वीज मीटर कोणता आहे तेही बघा. राहत्या घराच्या मीटरवर क्लास चालवला तर एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडून दंड होऊ शकतो. व्यावसायिक मीटर आणि व्यावसायिक मिळकतकर कोण भरणार, हे भाडेकरारात लिहून घ्या. दुचाकी लावायला जागा आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं, हेही महत्त्वाचं. वीस मुलं एकदम उड्या मारतात तेव्हा खालच्या दुकानदाराचं छत हलतं. करार करण्याआधी त्याच्याकडे जाऊन चहा घ्या.

मॅट एक मीटर बाय एक मीटरच्या, एकमेकांत अडकणाऱ्या मिळतात. कराटे-तायक्वांदोला २० ते २५ मिलिमीटर जाडी पुरते. फेकी शिकवणार असाल, म्हणजे ज्युदो-जुजुत्सू, तर ४० मिलिमीटरची ज्युदोची मॅटच घ्या, तिथे काटकसर करू नका. पावसाळ्यात मॅटखाली बुरशी येते, आणि एका मुलाचं गजकर्ण मॅटवरून दुसऱ्याला होतं. रोज जंतुनाशकाने पुसायच्या, आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी कोरडी करायची, आणि अंगावर चट्टा असलेल्या मुलाला बरं होईपर्यंत मॅटवर घ्यायचं नाही. पालकांना हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा, नंतर सांगितलं तर त्यांना अपमान वाटतो.

पैशांचा हिशेब

आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या भागातले घालून बघा. महिना फी १००० रुपये. सोम-बुध-शुक्र तीन बॅच, मंगळ-गुरु-शनि तीन बॅच, प्रत्येकी २० जागा, म्हणजे एकूण १२०. पाऊण भरल्या तर ९० मुलं, ९०,००० रुपये.

खर्च: भाडं ३०,०००, वीज-पाणी ५,०००, दोन मदतनीसांचं मानधन १८,०००, साफसफाई २,५००, विमा-फोन-किरकोळ दुरुस्ती ३,५००, आणि मॅट व साहित्य बदलण्यासाठी बाजूला ५,०००. एकूण ६४,०००. म्हणजे पहिल्या ६४ मुलांची फी खर्चातच जाते आणि हाती राहतात २६,०००.

पण हेही खरं नाही, कारण बारा महिने सारखे नसतात. मे महिन्यात लोक गावी जातात, नवरात्रीत वर्ग ओस पडतो, दिवाळीची सुट्टी असते. मी वर्षाला साडेदहा महिन्यांचीच फी धरतो. मग महिन्याची सरासरी ७८,७५० येते आणि हातात १४,७५० राहतात. ९० मुलांची शाळा बाहेरून भरलेली दिसते तरी तिच्यावर घर चालत नाही. हा हिशेब न केल्यामुळे चांगले शिक्षक दीड वर्षात हॉल बंद करताना मी पाहिले आहेत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, फी तीन महिन्यांची एकदम घ्या. सुट्टीचा महिना त्यात विभागला जातो आणि दर महिन्याला फी मागत फिरण्याची पाळी येत नाही. दुसरा, हॉल सकाळी आणि दुपारी रिकामा ठेवू नका. सकाळी सहा ते आठ नोकरदार स्त्री-पुरुषांची बॅच, दुपारी एखाद्या योगशिक्षिकेला तासाने हॉल द्या, आणि सकाळी उशिरा तुम्ही स्वतः शाळांमध्ये शिकवायला जा. फी कमी ठेवून मुलं वाढतील अशी आशा मात्र धरू नका. ज्याला परवडत नाही त्याची फी उघडपणे माफ करा, माझ्याकडे अशी पाच मुलं आहेत. पण सगळ्यांची कमी करू नका.

वर्षाचं वेळापत्रक

बडोद्यात नव्या प्रवेशांचे तीन मोसम आहेत. सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, गुजरात बोर्डाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, आणि तिसरा मोसम आपला स्वतःचा, दसऱ्याचा. गणेशोत्सवात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मंडळांच्या मंचावर वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक मागून घ्या. मराठी घरं तिथे असतात आणि गुजराती शेजारीही येतात. चौकश्या लगेच येतात, पण नवरात्रीच्या आधी महिनाभर मुलं गरब्याच्या सरावाला जातात, तेव्हा प्रवेश घेतलेलं मूल तिसऱ्या आठवड्याच्या आतच तुटतं. म्हणून गणपतीत आलेल्यांची नावं लिहून घ्या, एक-दोन चाचणी तासिका द्या आणि बॅच दसऱ्याला शस्त्रपूजनाने सुरू करा. आई-वडील त्या दिवशी आनंदाने येतात आणि शिकण्याची सुरुवात घरच्यांच्या साक्षीने होते.

नवरात्रीचे नऊ दिवस वर्ग रेटू नका. रात्री दीडला झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी लाथ मारताना पडतं. फक्त रविवारी सकाळी जुन्या मुलांचा सराव ठेवा. उत्तरायणाला १३ ते १५ जानेवारी सुट्टी. मार्चमध्ये बोर्डाची मुलं येत नाहीत. त्यांना आठवड्याला एक तासिका, कमी फीत, असा पर्याय दिला तर परीक्षेनंतर ती परत येतात.

मदतनीस आणि मुलांची सुरक्षितता

बडोद्याचे जुने व्यायामगुरू जुम्मादादा यांच्या तालमीची धुरा त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी घेतली, सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला, आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव या शहरात पिढ्यान् पिढ्या टिकलं. गुरूने घडवलेला शिष्य पुढे उभा राहिला म्हणून ते झालं. आपल्या पाठीशी महाराज नाहीत, पण शिष्य घडवणं आपल्या हातात आहे. तुम्हाला ताप आला त्या दिवशी वर्ग बंद राहत असेल, तर ती अजून शाळा झालेली नाही.

पट्टा काळा आहे म्हणून शिकवता येतं असं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींमधून निवडा, सहा महिने फक्त वॉर्म-अप द्यायला सांगा, मग नवी मुलं सोपवा. मानधन पहिल्या महिन्यापासून द्या, थोडं का असेना. "सेवा म्हणून कर" असं सांगून वर्षानुवर्षं राबवून घेतलेला मदतनीस शेवटी समोरच्या गल्लीत स्वतःचा क्लास उघडतो, आणि त्याचं चूक नसतं. निदान एक शिक्षिका हवीच. मुलींच्या बॅचला ती असतेच, पण मिश्र बॅचलाही असू द्या.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे, आणि मुलावर अत्याचार झाल्याची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. हे प्रत्येक मदतनीसाला वाचून दाखवा. हॉलचे नियम लिहून भिंतीवर लावा: बंद दाराआड एकट्या मुलाला शिकवायचं नाही, पकड दुरुस्त करताना आधी सांगून मग हात लावायचा, मदतनीसाने मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत, पालक केव्हाही येऊन बसू शकतात. पालकांना हे नियम आवडतात. माझ्याकडे कितीतरी मुली केवळ तो फळा वाचून आल्या.

प्रवेश अर्जात दमा, फिट्स, आधीची शस्त्रक्रिया, दोन फोन नंबर, घ्यायला कोण येणार आणि फोटो टाकायला परवानगी आहे की नाही, एवढं तरी असावं. हॉलमध्ये बर्फ, पट्ट्या, १०८ नंबर मोठ्या अक्षरांत. डोक्याला मार लागलेलं मूल त्या दिवशी पुन्हा मॅटवर जाणार नाही, ते स्वतः "काही नाही झालं सर" म्हणालं तरी.

कागदपत्रं

थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. गुमास्ताधारा (दुकान-आस्थापना नोंदणी) आणि व्यवसायकर यांची चौकशी महानगरपालिकेच्या तुमच्या वॉर्ड ऑफिसात करा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. ९० मुलांच्या शाळेला ती वेळ येत नाही, पण ड्रेस-साहित्याची विक्री धरून मोजा. शाळेचं बँक खातं वेगळं, फी शक्यतो यूपीआयने, पावती प्रत्येकाला. कर वाचवायला ट्रस्ट काढायचा सल्ला कोणी देईल. ट्रस्टची मालमत्ता तुमची राहत नाही आणि धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, तेव्हा खरंच सार्वजनिक काम करायचं असेल तरच त्या वाटेला जा.

शाळांमधलं काम आणि परीक्षा

सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. मानधन कधीकधी उशिरा येतं, म्हणून भाडं त्या पैशांवर अवलंबून ठेवू नका, पण काम मनापासून करा. खासगी शाळेशी करार करताना मुलांमागे पैसे घेण्यापेक्षा तासिकेमागे घ्या आणि परीक्षेच्या महिन्यात काय होणार हे आधी लिहून घ्या. एका शाळेने माझे वर्षाचे शेवटचे दोन महिने "तासिका झाल्या नाहीत" म्हणून कापले. करारात ओळ नव्हती, बोलायला जागा नव्हती.

पट्ट्याच्या परीक्षेची फी वर्षाच्या सुरुवातीलाच छापून द्या. पैशांसाठी दर दोन महिन्यांनी परीक्षा घेणारे आहेत. त्यातून मिळालेला पट्टा मुलाच्या अंगात नसतो, आणि स्पर्धेत पहिल्याच फेरीत ते सगळ्यांना दिसतं. मी चार महिन्यांच्या आत परीक्षा घेत नाही आणि तयारी नसेल तर बसवत नाही. नाराज पालक एक-दोन जातात. राहतात ते तीन-तीन वर्षं राहतात, वहीत दिसतं ते. स्पर्धांसाठी राज्य सरकारचा खेल महाकुंभ, २०१० पासून चालतो, चांगली सुरुवात आहे. खासगी "राष्ट्रीय" स्पर्धांचं प्रमाणपत्र कोणत्या महासंघाचं आणि ते शाळा-कॉलेजात चालतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा. कराटेत मान्यतेचे वाद बरीच वर्षं चालले आहेत, त्यात मुलांचे पैसे आणि वर्ष दोन्ही जातात.

दुसरी शाखा

हॉल दोन वर्षं भरलेला राहिला की गोत्री, समा, वाघोडिया रोड अशी नावं डोक्यात फिरायला लागतात. माझी कसोटी पुन्हा वहीचीच आहे. मदतनीसाने स्वतः चालवलेल्या बॅचची गळती तुमच्या बॅचच्या बरोबरीची येईपर्यंत दुसरी जागा बघू नका, कारण तिथे मुलं तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी टिकणार आहेत. माझ्याकडच्या एका मुलीने, नऊ वर्षांची असताना कॉमन प्लॉटवर आली होती, गेल्या जूनपासून मंगळ-गुरु-शनिची पहिली बॅच पूर्ण अंगावर घेतली आहे. प्रवेश, फोन, फी, परीक्षा, सगळं. तिची वही वेगळी आहे. डिसेंबरपर्यंतचे आकडे चांगले आले, तर वासणा-भायली रस्त्यावर एक पहिल्या मजल्याची, दोन जिन्यांची जागा आहे, ती आम्ही टेप घेऊन मोजायला जाणार आहोत.